लाईट आली, पण बोर्ड उठत नाही

प्रश्न : बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही तापमान नोंदवणारा कंट्रोलर बनवतो. कॅरियर बोर्डवर (मॉड्यूल बसवायच्या मुख्य बोर्डवर) रास्पबेरी पाय कम्प्यूट मॉड्यूल ४ हा छोटा संगणक आहे, त्याचे ५ व्होल्ट एसएमपीएसवरून (मेनवर चालणाऱ्या पॉवर सप्लायवरून) येतात. आरएस-४८५चं (लांबच्या वायरवरून डेटा नेणाऱ्या सिरियल लाइनचं) कार्ड मात्र बॅटरीवर आहे. लाईट जाऊन आली की कधीकधी मॉड्यूल सुरूच होत नाही. कार्डाचा कनेक्टर काढून लावला की लगेच चालतं. मॉड्यूल खराब समजायचं का?
— एक वाचक, कुपवाड (सांगली)

उत्तर : नाही, आणि कृपा करून एकही मॉड्यूल बदलू नका. कनेक्टर काढल्यावर चालतं, असं तुम्ही लिहिलंत, तिथेच दुखणं सापडलं.

लाईट गेली की मॉड्यूल बंद पडतं, पण बॅटरीवरची आरएस-४८५ चिप चालूच राहते. लाइन शांत असताना तिची आरओ (डेटा बाहेर देणारी) पिन ३.३ व्होल्टवर असते आणि ती थेट मॉड्यूलच्या आरएक्सडीला (डेटा घेणाऱ्या पिनला) जोडलेली. पिनच्या आतल्या संरक्षक डायोडमधून करंट उलटा मॉड्यूलच्या ३.३ व्होल्टच्या रेलमध्ये (सप्लाय लाइनमध्ये) शिरतो. रेल शून्यावर येतच नाही, मधेच कुठेतरी लोंबकळते. प्रोसेसर ना धड बंद, ना धड चालू. अशात ५ व्होल्ट परत आले, तर रीसेट नीट होईलच असं नाही.

खात्री करून घ्या. मेन बंद, कार्ड बॅटरीवर चालू. मीटरचं काळं टोक ग्राउंडला, लाल टोक मॉड्यूलच्या ३.३ व्होल्ट आउटपुटवर. शून्याच्या आसपास हवं. एक-दीड व्होल्ट दिसले आणि कनेक्टर काढताच उतरले, तर चोर सापडला.

५ व्होल्ट यायच्या आधी कुठल्याही पिनवर व्होल्टेज नको, हे मॉड्यूलच्या डेटाशीटमध्येच (कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात) आहे. आधी मॉड्यूल, मग बाकीचं. साताऱ्यात माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांवर पुष्कळदा अशा सिग्नलच्या वाटेत एक किलोओहमचा रेझिस्टर टाकून भागवलेलं असतं. मला ते अजिबात पटत नाही. करंट कमी होतो, वाट बंद होत नाही.

मॉड्यूलच बंद असताना ती चिप कुणासाठी जागी ठेवायची? ३.३ व्होल्टवर चालणारी असेल तर तिचा सप्लाय मॉड्यूलच्याच ३.३ व्होल्ट आउटपुटवरून द्या. सगळं मिळून ६०० मिलीअँपिअरची मर्यादा तेवढी सांभाळा. जास्त करंटचे भाग लोड स्विचमागे (सप्लाय चालू-बंद करणाऱ्या चिपमागे) ठेवा आणि त्याची इनेबल (चालू करणारी) पिन याच आउटपुटला जोडा. मोडेमसारखं काही बॅटरीवर ठेवणं भागच असेल, तर प्रत्येक सिग्नलमध्ये ७४एलव्हीसी१टी४५ (दोन वेगळ्या सप्लायांमधला सिग्नल बफर) घाला. त्याच्या मॉड्यूलकडच्या बाजूचा सप्लाय मॉड्यूलकडूनच द्या. तो सप्लाय शून्यावर गेला की बफरच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटतात.

मोजताना लॅपटॉपची यूएसबी-सिरियल केबल आधी काढा. तिची टीएक्स (डेटा पाठवणारी) पिनही हाच उद्योग करते.