समाजाविषयी साशंक असलेला कादंबरीकार लिहितो कशासाठी, आणि त्याला समाधान मिळते का?

समाज सुधारेल यावर ज्याचा फारसा विश्वास उरलेला नाही, अशा लेखकाने लिहावेच का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे हे उत्तर तटस्थ नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

कादंबरी वाचून माणूस बदलतो, असे मलाही पूर्वी वाटत असे. एका कादंबरीत मी कोत्या मनाचा, हिशेबी गृहस्थ रंगवला होता. ती वाचून अनेकांनी कळवले की, हा माणूस त्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. कोणाला त्यात आपला साडू दिसला, कोणाला कचेरीतला वरिष्ठ. ‘हा मीच’ असे आजवर एकानेही कळवलेले नाही. (तो गृहस्थ मी बराचसा स्वतःवरून बेतला होता.)

कादंबरीचा परिणाम होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तो लेखकाला हवा तिथे होईलच, याची खात्री नसते. अमेरिकन कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनी शिकागोच्या मांस-कारखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरित कामगारांचे हाल लोकांसमोर यावेत म्हणून ‘द जंगल’ लिहिली. १९०६ साली ती पुस्तकरूपाने आली तेव्हा वाचक हादरले खरे, पण कामगारांच्या हालांपेक्षा आपल्या पोटात काय जाते या विचाराने. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेत मांसाच्या तपासणीचा आणि अन्न व औषधांच्या शुद्धतेचा, असे दोन कायदे झाले. कामगारांच्या मजुरीला किंवा कामाच्या तासांना त्यांनी हात लावला नाही. नेम लोकांच्या हृदयावर धरला होता, तो लागला पोटाला, अशा आशयाची कबुली पुढे सिंक्लेअर यांनीच दिली.

कीर्तीने समाधान मिळते म्हणावे, तर पन्नाशीच्या सुमारास रशियन कादंबरीकार टॉलस्टॉय यांच्यापाशी कीर्ती, जमीनजुमला, कुटुंब, प्रकृती असे सारेच होते, आणि त्या काळात गळफास घेण्याचा मोह होऊ नये म्हणून आपण दोर नजरेआड ठेवत होतो, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

लेखकाने असमाधानी असलेच पाहिजे, ही समजूतही मला पटत नाही. ती आम्हा लेखकांना सोयीची आहे, इतकेच. रागाच्या भरात लिहिलेली माझी पाने सर्वांत वाईट उतरली आहेत, कारण त्यांत प्रत्येक पात्र माझ्याच आवाजात बोलते. त्या हिशेबी गृहस्थाचे त्याच्या मुलीशी भांडण होते, ते प्रकरण मी तीनदा लिहिले. पहिल्या दोन खेपांना मी त्याला मूर्ख ठरवून मोकळा झालो होतो. तिसऱ्या खेपेला त्याचे म्हणणे त्याच्या बाजूने नीट मांडत गेलो, तेव्हा तो वाद त्यानेच जिंकला, आणि मला ते थांबवता आले नाही. त्या दुपारी जे वाटले त्याला मी समाधान म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचे प्रकरण घेऊन बसलो तेव्हा ते ओसरलेले होते.