गोळ्या सुटतील का?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. सहा वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन) आहे, लेव्होडोपाच्या गोळ्या चालू आहेत. दारातून जाताना पाय जागीच खिळतात. डोक्यावर चुंबक लावून वीस सिटिंग घेतल्या की गोळ्या सुटतील, असे आम्हाला सांगितले आहे. केंद्र गंगेपलीकडे (गोदावरीपलीकडे) आहे, रोज रिक्षाने न्यावे लागेल. न्यावे का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : गोळ्या सुटणार नाहीत. या भरवशावर एकही डोस चुकवू नका. लेव्होडोपा एकदम बंद केल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.

या उपचाराला आरटीएमएस म्हणतात. आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याला टेकवून चुंबकीय ठोके देतात. ते दोन-तीन सेंटिमीटरच खोल जातात. कंपवातात डोपामिन हे हालचालींना लागणारे रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात त्या मध्यमेंदूत, त्याहून बऱ्याच खोल. म्हणजे मेंदूचा वरचा थर चाळवून खालच्या पेशींच्या जाळ्यावर परिणाम साधायचा, एवढेच. हालचालींचा मंदपणा काहीसा कमी होतो, नैराश्यही हलके होऊ शकते. पण गुण हळूहळू ओसरतो.

नेणारच असाल तर आधी विचारा : मोटर थ्रेशोल्ड मोजणार का? बोटाचा स्नायू जेमतेम फडकेल एवढा जोर आधी शोधतात आणि त्यावरून मात्रा ठरवतात. हे न करता सगळ्यांना एकच मात्रा देणारे केंद्र टाळा. कॉइल बोटभर सरकली तरी ठोके भलत्याच जागी पडतात, म्हणून टोपीवर खूण हवी. गोळी आणि सिटिंग यांतले अंतर रोज सारखेच ठेवा, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही.

पेसमेकर, डोक्यातली धातूची क्लिप, कॉक्लियर इम्प्लांट (कानात बसवलेले ऐकण्याचे यंत्र), डीबीएस (मेंदूत बसवलेल्या विजेच्या तारा) किंवा पूर्वी आलेली फिट, यांतले काहीही असेल तर न विचारताही सांगा. कानात बोळे हवेतच, आवाज मोठा असतो. रात्री झोप झाली नसेल तर त्या दिवशी नेऊ नका, फिटचा धोका वाढतो.

पाय खिळण्यासाठी मात्र आजच उंबऱ्यापाशी फरशीवर पावलाच्या अंतराने रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवा आणि ‘एक-दोन’ मोजत त्या ओलांडायला लावा. त्या वेळी मागून घाई करू नका.

प्रश्न : आईला कंपवात आहे. ऑनलाइन मिळणारे, डोक्याला लावायचे विजेचे यंत्र तिला घरीच लावू का?
– नाशिकरोड

उत्तर : नको. टीडीसीएसमध्ये, म्हणजे डोक्याला सौम्य वीज देण्याच्या या उपचारात, प्रवाह १ ते २ मिलिअँपिअरच असतो, पण मिठाच्या पाण्यातला स्पंज वाळला की वीज एका ठिपक्यावर एकवटते आणि कातडी भाजते. शिवाय कंपवातासाठी याचा पुरावा आरटीएमएसहून तोकडा आहे.