आजोळची गोष्ट पोलिसांना सांगू की नको?

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या गावात शिकवणी घेतात. शिकवणीला येणाऱ्या सातवीतल्या मुलीनं त्यांना सांगितलं, की दिवाळीत चंदगड तालुक्यातल्या आजोळी मामानं तिच्याशी वाईट चाळे केले. त्याच घरात तिची 25 वर्षांची मावशी राहते, बुद्धीची वाढ लहान मुलाएवढीच झालेली. ‘मावशीलापण तो तसंच करतो,’ असंही मुलगी बोलली. आई म्हणते, माझं माहेर तुटेल, गप्प बसा. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेबाहेरचं आहे. ताईंचा प्रश्न असा: पुरावा नाही, घटना महाराष्ट्रातली, इथल्या पोलीस ठाण्यात सगळं कन्नडमध्ये. मी काय करू?

ताई, आजच ठाण्यात जा. सुट्टी पडली की मुलीला पुन्हा आजोळी धाडतील, म्हणून थांबायला वेळ नाही.

पुरावा गोळा करणं तुमचं काम नव्हेच. 2012 च्या पॉक्सो कायद्याचं, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांना वाचवणाऱ्या कायद्याचं, कलम 19 सांगतं, की 18 वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. गुन्हा झाल्याचं ठाऊक असून गप्प राहणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. यातून मुख्याध्यापकही सुटत नाहीत, हे त्यांना जरूर सांगा. उलट, तुम्ही सद्भावनेनं कळवलंत आणि पुढं काही सिद्ध झालं नाही, तरी तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाही. मुद्दाम बदनामीसाठी खोटी तक्रार करणं वेगळं, तुमचं तसं काही नाही.

मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून आज लिहून ठेवा. पोलिसांनी तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

‘चंदगडला जा’ असं कोणी म्हणालं तर परत फिरू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, खानापूर ठाण्यानं तो ‘झिरो एफआयआर’ म्हणून नोंदवून चंदगडकडे पाठवायचा. नोंदवला नाही, तर तीच तक्रार बेळगावच्या जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा.

तक्रार मराठीत लिहा. गाऱ्हाणं राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेच्या 350 व्या कलमानं दिला आहे. तोंडी सांगितलेलं ते कन्नडमध्ये उतरवतील, पण मराठीत समजावून सांगितल्याशिवाय सही करू नका. न कळलेल्या कागदावर सही करून लोक पुढं कोर्टात अडकतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच बाहेर पडा.

मावशीचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथंच लोक चुकतात. तिची समज लहान मुलाची असली तरी पॉक्सो तिला लागत नाही. कायदा जन्मतारखेचं वय धरतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली स्पष्ट केलंय. म्हणून तक्रारीत तिच्याबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहा आणि तिचं अपंगत्व नमूद करा. अशा स्त्रीवर बलात्कार झाला असेल, तर भारतीय न्याय संहितेत किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 7 नुसार अत्याचाराची खबर कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तालुक्यात तहसीलदारांना, कुणीही देऊ शकतं, आणि तिला त्या घरातून सोडवण्याचा आदेश ते देऊ शकतात. तो अर्ज चंदगडच्या तहसीलदारांकडे द्या. ती बिचारी स्वतः चालत कुठं जाणार नाही, तिच्या वतीनं आज बोलणारं तुमच्याशिवाय कुणी दिसत नाही.

ठाण्यात एकटीनं जायला भीती वाटत असेल, तर आधी 1098 लावा. मुलांसाठीची ही मदतवाहिनी फुकट आहे. मुलगी आणि मावशी दोघींनाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

गावात पंच बसवून मिटवा म्हणतील. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. मुलीचं नाव पंचांपुढं किंवा व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका. आईची समजूत काढा, तिलाही आधार हवा आहे, पण तिच्या होकारासाठी थांबू नका.