शेजारच्या झाडाच्या फांद्या आपल्या हद्दीत आल्या तर काय करावं?

कुऱ्हाड हातात घेण्याआधी शेजाऱ्यांना बोलवा आणि फांदी छपराला कुठे घासते, पन्हाळीत पाला कसा तुंबतो, ते दाखवा. डोळ्यांनी पाहिलं की बरेचजण ऐकतात.

अनेक ठिकाणच्या कायद्यानुसार आपल्या हद्दीत आलेला भाग कापता येतो, पण हद्दीपलीकडे करवत नेता येत नाही आणि न विचारता त्यांच्या आवारात शिरता येत नाही. काही देशांत आधी मुदत द्यावी लागते. झाड संरक्षित असेल तर परवानगी हवीच.

तरीही मी संमती घ्यायलाच सांगेन, कारण झाडाचा जीव त्यात आहे. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कडी असते. त्या कडीच्या लगेच बाहेर काप घेतला तरच जखम नीट भरते. ही जागा बहुधा त्यांच्या बाजूला असते. हद्दीवरच छाटलं की उरलेला खुंट कुजतो, आणि कीड खोडापर्यंत पोचू शकते.

जाड फांदी वरून एकदम कापू नका, ती मोडताना खोडाची साल सोलत नेते. आधी खालून खाच, मग फांदीच्या टोकाकडे जरा पुढे वरून काप, शेवटी उरलेला खुंट कडीच्या बाहेर कापा. विजेच्या तारा जवळ असतील तर स्वतः चढू नका, वीज कंपनीला कळवा.