घर विकून पूर्णवेळ आरव्हीत (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीत) राहायचं असेल, तर अमेरिकेत कायदेशीर पत्ता कुठल्या राज्याचा घ्यावा?

राज्य ठरवताना आधी आरोग्य विम्याचं बघा. बहुतेकजण फक्त कर बघतात. आरव्हीवाले सहसा निवडतात त्या साउथ डकोटा, टेक्सस आणि फ्लोरिडा, तिन्हीकडे राज्याचा आयकर नाही, मग त्यावरून काय ठरवणार? वय 65 च्या पुढे असेल तर मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) देशभर चालतं, चिंता नाही. त्याआत असाल तर नव्या पत्त्याच्या पिनकोडवर मिळणारा विमा राज्याबाहेर डॉक्टरांचा खर्च देतो का, हे आधी विचारा. कित्येक योजना बाहेर फक्त तातडीचे उपचार देतात.

साउथ डकोटात ड्रायव्हिंग लायसन्स सोपं आहे: टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता आणि राज्यात एक रात्र राहिल्याची कॅम्पग्राउंडची पावती. मात्र मतदार नोंदणीला 2023 पासून 30 दिवसांच्या वास्तव्याची अट आहे. मत द्यायचं असेल तर मी टेक्सस सुचवेन. तिथल्या लिव्हिंगस्टन गावात आरव्हीवाल्यांची जुनी टपालसेवाही आहे.

जुन्या राज्यातलं लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदार यादीतलं नाव, सगळं हलवा, नाहीतर तिथला करविभाग तुम्हाला रहिवासीच धरू शकतो. ग्रीन कार्डवर असाल तर नवा पत्ता 10 दिवसांत इमिग्रेशनला कळवणं बंधनकारक आहे.