कशाचे म्हणून?

पोरी,

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या काळ्या शिपायांच्या पगारावरचं तुझं प्रकरण काल रात्री वाचलं. चौथ्या पानाच्या समासात तू पेन्सिलीनं लिहिलंयस, 'घरी मुलं उपाशी असताना पगार नाकारणं हा प्रतिकार की हट्ट?' तिथून पुढची तीन पानं नुसती चाचपडत गेलीस. त्या एका प्रश्नासाठी हे पत्र. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ते वाचून तू या विषयाकडे वळलीस. तेव्हा गुलामी वाईट वगैरे तुला सांगत बसत नाही.

पैसे किती, हे नंतर. कशाचे म्हणून दिले, हे आधी विचार.

तू लिहितेस, गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर; काळ्याला १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. आणि सहा डॉलरचं भांडण म्हणून मोकळी होतेस. अगं, तो १०चा आकडा आला कुठून? जुलै १८६२च्या मिलिशिया कायद्यातून. काळ्यांना खंदक खणायला, छावणीत राबायला घेण्याची सोय त्यात होती, त्या कामाचा तो दर. म्हणजे उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ५४व्या, काळ्या शिपायांच्या पलटणीनं बंदूक उचलली, तरी खजिन्याच्या वहीत ती मजूरच. १८ जुलै १८६३ला याच पलटणीचे सुमारे ६०० जण दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर चालून गेले. अडीचशेहून जास्त मेले, जखमी झाले किंवा परत आले नाहीत. सप्टेंबरात त्यांच्यातल्या कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंगनं थेट लिंकनला पत्र घातलं: आम्ही सैनिक आहोत की मजूर?

पुढे मॅसॅच्युसेट्सनं उरलेली रक्कम आपल्या तिजोरीतून भरून द्यायची तयारी दाखवली. पलटणीनं तीही नाकारली. इथे तू 'अनाकलनीय' लिहिलंयस. खोड ते! रक्कम पुरी होत होती, पण वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, लेखी ते मजूरच राहत होते. कशाचे म्हणून, पोरी, कशाचे म्हणून!

मी इतका का चिडतो ते सांगतो. एका महाविद्यालयात मी नऊ वर्षं पूर्ण पगाराच्या आकड्यापुढे सही करून निम्मा पगार घेतला. आईचं दुखणं होतं, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. कारणं खरी होती. घरात चूल पेटायलाच हवी होती, हे मी आजही कोणापुढेही म्हणेन. बुडालेल्या पैशांचं दुःख केव्हाच विरलं. पण नऊ वर्षांच्या त्या सह्या माझ्या हातच्या आहेत, ते काही विरत नाही. म्हणून तुझा 'हट्ट' हा शब्द मला झोंबला. घरच्या हालांची पत्रं ५४व्या पलटणीच्याही छावणीत येत होती, आणि तरी त्यांनी सही केली नाही. सुमारे दीड वर्ष.

सार्जंट विल्यम वॉकरला तू तळटीपेत टाकलंयस. त्याला वर घे. त्याची तिसरी साउथ कॅरोलिना पलटण बहुतेक मळ्यांवरून सुटून आलेल्या माणसांची. नोव्हेंबर १८६३मध्ये त्याच्या पुढाकारानं कंपनीनं कर्नलच्या तंबूपुढे बंदुका रचल्या: ठरलेला पगार नाही, तर चाकरी नाही. २९ फेब्रुवारी १८६४ला जॅक्सनव्हिलला त्याला बंडखोर म्हणून गोळ्या घातल्या. मागणी ५४व्यांचीच होती. पण त्यांच्या पाठीशी राज्याचा गव्हर्नर होता, याच्या पाठीशी कोण होतं?

आणि जी गोष्ट तुझ्या प्रकरणात मुळीच नाही, ती ही. जून १८६४मध्ये काँग्रेसनं समान पगार मान्य केला, पण भरतीच्या दिवसापासूनची थकबाकी फक्त १९ एप्रिल १८६१ला जे स्वतंत्र होते त्यांना. गुलामीतून पळून आलेल्यांनी काय करायचं? ५४व्यांचा कर्नल हॅलोवेल यानं शपथच अशी बांधली, की त्या तारखेला मी कोणाचीही फुकटची चाकरी देणं लागत नव्हतो. मळ्यावरून निसटलेल्यानंही हात वर करून ती घेतली, आणि त्यात अक्षरही खोटं नव्हतं. धनी त्याच्याकडून काम उकळत होता. तो काही देणं लागत नव्हता. सप्टेंबरअखेर पैसे आले. गुडिंग तोवर दक्षिणेच्या अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या तुरुंगात जुलैतच वारला होता.

रविवारी ये. त्या शपथेवर दोन पानं लिहून आण. 'हट्ट' ठेवायचा असेल तर ठेव, पण वॉकरच्या नावाशेजारी ठेव आणि मला मोठ्यानं वाचून दाखव.

तुझा,
सर