लसूण, अर्जुनसाल आणि बाबांचं ब्लॉकेज

प्रश्न: बाबांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालूयेत. आता पंचवटीतून अर्जुनसाल न् गुग्गुळ आणलाय, वर रोज कच्च्या लसणाच्या चार पाकळ्या, म्हणे ब्लॉकेज विरघळतं. खरंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही हो, विरघळत नाही. ब्लॉकेजची चरबी नळीतल्या गाळासारखी नसते, रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत साचलेली असते. लसूण ठेचला की त्यात त्याचं मुख्य गुणकारी द्रव्य अ‍ॅलिसिन तयार होतं, अख्खी पाकळी फोडणीत टाकली तर फारसं नाही, आणि लसणाने बीपी, कोलेस्टेरॉल थोडंफार उतरतं हे खरंय, पण तोच लसूण रक्तही पातळ करतो, म्हणजे गोळी चालू असताना रक्तस्रावाची भीती वाढली ना. भाजीतला खुशाल खाऊ द्या. गुग्गुळ मात्र आजच बंद, २००३ साली अमेरिकेतल्या चाचणीत त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उलट वाढलं, काहींना अंगावर पुरळ आलं, शिवाय हृदयाच्या काही औषधांचा असरही तो कमी करतो. अर्जुनसालीत फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतीतली गुणकारी मानली जाणारी द्रव्यं, आहेत, पण अभ्यास छोटेच, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि हो, द्राक्षातल्या रेस्वेरॅट्रॉलचं, म्हणजे हृदयाला चांगलं म्हणतात त्या द्रव्याचं, नाव काढून कुणी वाइन सुचवेल, आपल्या नाशकात तर नक्कीच, तर तेही नको.